घड्याळजीची लेक : कॉरी टेन बूम

हॉलंडमधील हार्लेम शहरात टेन बूम कुटुंबाचे घड्याळांचे दुकान होते. १८३७ साली आजोबांनी ते थाटले. खाली दुकान, वर बिऱ्हाड. तेथे वृद्ध वडील कास्पर आणि बेट्सी व कॉरी या दोन अविवाहित मुली राहत. बेट्सी नाजूक प्रकृतीची. घर ती सांभाळी. धाकटी कॉरी १८९२ सालची. वडिलांच्या हाताखाली ती काम शिकली आणि १९२२ साली घड्याळजीचा परवाना मिळविणारी त्या देशातील पहिली स्त्री ठरली. आपल्याप्रमाणेच तिला मंडळांची हौस. गावातील मुलींसाठी तिने कितीतरी मंडळे चालविली. घरात रोज बायबलाचे वाचन होई. प्रभू आपल्याबरोबर घरातच वावरतो, अशी त्या माणसांची साधी श्रद्धा होती.

मे १९४० मध्ये जर्मनांनी हॉलंड जिंकले. पुढे यहुद्यांची धरपकड सुरू झाली, तेव्हा या घराने त्यांना आसरा दिला. कॉरीच्या निजायच्या खोलीत एक खोटी भिंत बांधून घेतली. तिच्यामागची जागा जेमतेम अडीच फूट रुंद. कपाटाच्या तळाच्या खणातून सरपटत आत शिरावे लागे.

२८ फेब्रुवारी १९४४ रोजी कॉरी तापाने अंथरुणावर होती. एक अनोळखी मनुष्य आला. यहुद्यांना मदत केल्यावरून आपल्या बायकोला पकडले आहे, तिला सोडविण्यास ६०० गिल्डर हवेत, असे त्याने काकुळतीने सांगितले. कॉरीने पैशांची तजवीज केली. आपल्यापैकी कोणीही तेच केले असते. तो जर्मनांचा खबऱ्या होता! त्याच दिवशी घरावर धाड पडली व सुमारे तीस माणसे धरली गेली.

भिंतीमागे लपलेली सहा माणसे मात्र सापडली नाहीत. कॉरीला हे कळले ते पुष्कळ दिवसांनी, तुरुंगातील एकान्त कोठडीत. बहिणीच्या पत्राच्या तिकिटाखाली बारीक अक्षरांत निरोप होता की, कपाटातली सारी घड्याळे शाबूत आहेत. ८४ वर्षांचे वडील अटकेनंतर दहाच दिवसांत वारले होते.

पुढे दोघी बहिणी फ्युख्त येथील छावणीत एकत्र आल्या. तेथे त्यांना त्या खबऱ्याचे नाव समजले. कॉरीच्या अंगाचा भडका उडाला. तो समोर असता तर आपण त्याला मारले असते, असे तिला वाटले. प्रार्थना सुचेना, झोप येईना. बेट्सी मात्र शांत. तिला विचारले तर ती म्हणाली की, मी त्याच्यासाठी रोज प्रार्थना करते, बिचाऱ्याच्या जिवाला किती यातना होत असतील! कॉरी खजील झाली. मनातल्या मनात खून करणारी आपणही गुन्हेगारच, हे तिला उमगले. त्या रात्री तिने देवापुढे त्या माणसाला क्षमा केली आणि कितीतरी दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

सप्टेंबर १९४४ मध्ये त्यांना जर्मनीतील राव्हेन्सब्रुक छावणीत नेले. बराकीत पिसवांचा सुळसुळाट. बेट्सी पिसवांबद्दलही देवाचे आभार मानू लागली, तेव्हा कॉरीला ते अतीच वाटले. (आपल्यालाही वाटलेच असते.) पुढे कळले की, पिसवांच्या भीतीनेच पहारेकरणी आत येत नसत, म्हणून तर चोरून आणलेले बायबल रोज वाचता येई. १६ डिसेंबरला बेट्सी गेली. त्यानंतर पंधरवड्याच्या आतच कॉरीची सुटका झाली. ती कारकुनी चुकीने झाली, असे तिला मागाहून समजले.

१९४५ मध्ये तिने त्या खबऱ्याला पत्र लिहून क्षमा केल्याचे कळविले. तरी क्षमा एकदाच करून भागत नाही. १९४७ साली म्यूनिकमध्ये तिचे व्याख्यान संपल्यावर राव्हेन्सब्रुकचा एक जुना पहारेकरी हात पुढे करून उभा राहिला. तिचा हात उचलेना. माझ्याजवळ क्षमा नाही, तुझी दे, असे तिने येशूला मनोमन विनविले, तेव्हा कुठे तो हात पुढे झाला.

१५ एप्रिल १९८३ रोजी, आपल्या ९१ व्या वाढदिवशी, ती अमेरिकेत वारली. हार्लेमच्या त्या घराचे १९८८ साली संग्रहालय झाले. ते कपाट आणि त्यामागची ती अरुंद जागा तेथे जपून ठेवली आहे.