घड्याळाशी शर्यत

मुलांनो, शाळेच्या मैदानावर तुम्ही धावण्याची शर्यत पाहिली असेल. धावणारा मुलगा पुन्हा पुन्हा मागे वळून पाहतो. दुसरा किती जवळ आला, याचीच त्याला काळजी असते. आज मी तुम्हांला एका वेगळ्या धावपटूची गोष्ट सांगणार आहे. धावताना तो आपल्या हातातल्या घड्याळाकडे पाहत असे. त्याचे नाव पावो नुर्मी.

युरोपच्या उत्तरेला फिनलंड नावाचा थंड देश आहे. तेथील तुर्कू या शहरात १३ जून १८९७ रोजी पावोचा जन्म झाला. त्याचे वडील सुतार होते. १९१० साली ते वारले. पावो अभ्यासात हुशार होता. पण घर चालवण्यासाठी त्याला शाळा सोडावी लागली. तो एका बेकरीत सामान पोचवण्याचे काम करू लागला. जड हातगाडी ढकलत त्याला शहरातले चढ चढावे लागत. या मेहनतीने त्याचे पाय मजबूत झाले.

१९१२ साली स्टॉकहोम येथे ऑलिंपिक सामने झाले. फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइनेनने तेथे तीन सुवर्णपदके जिंकली. तेव्हा पावो पंधरा वर्षांचा होता. त्याच्या मनात धावण्याची ओढ जागी झाली. थोड्याच दिवसांत त्याने धावण्याचे पहिले बूट विकत घेतले आणि सराव सुरू केला.

१९२० साली अँटवर्प येथील ऑलिंपिकमध्ये तो ५,००० मीटर धावला. पण फ्रान्सच्या गियमोने त्याला शेवटच्या फेरीत मागे टाकले. पावो निराश होऊन बसला नाही. तीनच दिवसांनी १०,००० मीटरच्या शर्यतीत त्याने गियमोला हरवले.

पुढे तो घड्याळ हातात घेऊन धावू लागला. सुरुवातीला फार जोरात धावले, तर शेवटी दम उरत नाही. म्हणून प्रत्येक फेरी किती वेळात संपवायची, हे तो आधीच ठरवत असे. घड्याळ पाहून तो आपली चाल कमीजास्त करी.

१९२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये १,५०० आणि ५,००० मीटरच्या अंतिम शर्यती एकाच दिवशी होत्या. दोन्हींमध्ये एक तासाचाही अवधी नव्हता. हे जमेल का? पावोने तीन आठवडे आधीच त्याची परीक्षा घेतली. १९ जून रोजी हेलसिंकीत तो एका तासाच्या अंतराने दोन्ही शर्यती धावला आणि दोन्हींत त्याने जागतिक विक्रम केले! मग १० जुलै रोजी पॅरिसमध्ये त्याने दोन्ही सुवर्णपदके जिंकली. दोनच दिवसांनी कडक उन्हात रानातून धावण्याची शर्यत झाली. ३८ धावपटूंपैकी फक्त १५ जणच ती पुरी करू शकले. त्यांत पावो पहिला आला. त्या ऑलिंपिकमध्ये त्याने एकूण पाच सुवर्णपदके मिळवली.

तीन ऑलिंपिकमध्ये मिळून त्याला नऊ सुवर्ण आणि तीन रौप्यपदके मिळाली. १९३२ साली त्याला मॅरेथॉन जिंकायची होती. पण त्याने धावण्यासाठी पैसे घेतले, असा ठपका ठेवून त्याला ऑलिंपिकमध्ये भाग घेऊ दिला नाही. ती इच्छा अपुरीच राहिली. मात्र देश त्याला विसरला नाही. १९५२ साली हेलसिंकीत ऑलिंपिक भरले. त्या वेळी ५५ वर्षांचा नुर्मी मशाल घेऊन मैदानात धावत आला आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. २ ऑक्टोबर १९७३ रोजी त्याचे निधन झाले.

मुलांनो, पहिला नंबर मिळेल की नाही, हे नेहमी आपल्या हातात नसते. दुसरा आपल्यापेक्षा वेगवान असू शकतो. पण कालच्यापेक्षा आज थोडे पुढे जाणे आपल्या हातात असते. मैदानाची एक फेरी तुम्ही आज किती वेळात पुरी करता, ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात त्यातून दोनच सेकंद कमी करायचे ठरवा. तेवढे जमले, की पुढचे ध्येय ठरवा. बेकरीची गाडी ढकलणारा पावो असाच एकेक पाऊल पुढे गेला.