नायगावच्या सावित्रीबाई आणि प्लेगचा दवाखाना

खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले म्हटलं की १८४८ सालची भिडे वाड्यातली शाळा आठवते. शाळेच्या भाषणांत बहुतेक तेवढंच येतं. पण त्यांचा जीव गेला तो रुग्णसेवेत, आणि ही बाजू कमी सांगितली जाते.

३ जानेवारी १८३१ चा जन्म, नवव्या वर्षी लग्न. फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, म्हणजे माहेर-सासर दोन्हीची मुळं साताऱ्यातच. १८९० मध्ये जोतिराव गेले, तरी सत्यशोधक समाजाचं काम बाईंनी थांबू दिलं नाही.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग आला आणि काही महिन्यांत पुण्यात पोचला. जांघेत नाहीतर काखेत गाठ, फणफणून ताप, आणि थोड्याच दिवसांत माणूस संपायचा. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण तो माणसात शिरतो कसा, हे डॉक्टरांनाही नीट कळलं नव्हतं. उंदराच्या पिसवा तो आणतात, हे पॉल सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवलं ते १८९८ मध्ये. उंदीर मेला की पिसवा त्याला सोडतात आणि माणसाला चावतात. सातारा-सांगलीकडे पुढच्या साथींत घरात उंदीर पडायला लागले की लोक गाव सोडून रानात खोपटी घालून राहायचे. ते शहाणपण बरोबरच होतं.

सावित्रीबाईंनी सैन्यात डॉक्टर असलेल्या यशवंत या दत्तक मुलाला बोलावून घेतलं. हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर, वस्तीबाहेर दवाखाना सुरू झाला. हातमोजे नाहीत, मास्क नाही. गुण देणारं औषध निघायला अजून जवळपास पन्नास वर्षं होती. त्याच फेब्रुवारीत इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला होता, कोरोनात २०२० ला वापरला तोच. दवाखान्यात नेतील या भीतीने लोक आजारी माणूस लपवत.

मुंढव्याच्या दलित वस्तीत गायकवाडांच्या मुलाला प्लेग झाल्याचं कळलं. सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. यशवंतरावही पुढे प्लेगच्याच साथीत गेले.