आगबोटीचा कप्तान : रॉबर्ट स्मॉल्स

कर्तृत्व जन्मावर अवलंबून नसते, हे आपण सभांतून नेहमी ऐकतो. परंतु त्याची साक्ष देणारी चरित्रे आपल्या मुलांच्या हाती क्वचितच पडतात. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत आम्ही समाजबांधवांस अमेरिकेतील कृष्णवर्णीय वीर रॉबर्ट स्मॉल्स यांचा परिचय करून देत आहोत.

स्मॉल्स यांचा जन्म ५ एप्रिल १८३९ रोजी दक्षिण कॅरोलिना प्रांतातील ब्यूफर्ट गावी, धन्याच्या घरामागील खोपटात, गुलाम मातेच्या पोटी झाला. बाराव्या वर्षी धन्याने त्यांस चार्ल्स्टन बंदरी मजुरीस धाडले. मजुरीचा बहुतेक पैसा धन्याकडे जाई. बंदराची खडान्‌खडा माहिती मात्र स्मॉल्स यांच्यापाशी राहिली.

१८६१ मध्ये गुलामगिरी टिकविण्यासाठी दक्षिणेकडील राज्यांनी बंड पुकारले. त्यांच्या ‘प्लँटर’ या आगबोटीचे सुकाणू स्मॉल्स यांच्या हाती होते. १३ मे १८६२ च्या पहाटे, गोरे अधिकारी किनाऱ्यावर असता, त्यांनी बोट हाकारली व वाटेत बायकामुलांस घेतले. कप्तानाची टोपी घालून, किल्ल्यांपुढे ठरलेल्या शिट्ट्या देत ते तोफांच्या टप्प्यातून पार झाले आणि पांढरी चादर उभारून त्यांनी बोट संघराज्याच्या आरमाराच्या स्वाधीन केली. १६ जीव मुक्त झाले.

एवढ्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. कृष्णवर्णीयांना सैन्यात घ्यावे म्हणून वॉशिंग्टनला जाऊन त्यांनी रदबदली केली. पुढे अनेक लढायांत भाग घेतला आणि १८६३ च्या अखेरीस त्याच ‘प्लँटर’चे ते कप्तान झाले.

प्रौढ वयात अक्षरे गिरविणाऱ्या या पुरुषाने १८६८ च्या प्रांतिक घटना-परिषदेत मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा आग्रह धरला. पुढे ते अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात पाच वेळा बसले. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला, त्या वर्षी स्मॉल्स आपल्या प्रांताच्या सेनेटचे सभासद होते.

मात्र पराक्रमाची कदर सहजी झाली नाही. अधिकारपदाची रीतसर सनद नसल्याच्या सबबीवर त्यांस निवृत्तिवेतन नाकारले गेले. ते १८९७ मध्ये खास कायद्याने मिळाले. १८९५ मध्ये प्रांताच्या नव्या घटनेने कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावू पाहिला, तेव्हा त्यांनी परिषदेत कडाडून विरोध केला. मते विरुद्ध पडली, तरी ते नमले नाहीत.

युद्धकाळातच धन्याचे ते घर त्यांनी विकत घेतले होते. २३ फेब्रुवारी १९१५ रोजी ब्यूफर्ट येथेच त्यांचा अंत झाला. २०२३ मध्ये अमेरिकन आरमाराने आपल्या एका युद्धनौकेस त्यांचे नाव दिले.

एका रात्रीच्या धाडसाने स्मॉल्स यांस स्वातंत्र्य मिळाले. ते सर्वांचे व्हावे म्हणून त्यांनी पुढील आयुष्य शाळा आणि मताधिकार यांसाठी वेचले. आपल्या घरोघरी हे चरित्र मुलांस वाचून दाखविले जावे, एवढीच आमची विनंती आहे.