अंगणात आलेली शाळा

सरावपाठांचा तो माझा चौथा दिवस होता. पाचवीचा वर्ग, बावन्न मुले आणि हातात रात्री जागून लिहिलेले पाठ टाचण. तक्ते रंगविण्यात माझे दोन दिवस गेले होते. पण वर्गात पाऊल टाकले की माझा घसा कोरडा पडे. वर्गातील काही मुलांच्या घरी मराठी, काहींच्या घरी कन्नड, तर काहींच्या घरी दोन्हींची मिसळ असलेली बोली. माझी पुस्तकी मराठी पहिल्या दोन बाकांपलीकडे पोहोचतच नव्हती. मागच्या बाकावरचा एक मुलगा सतत खिडकीबाहेर पाहत बसे. त्या दिवशी निरीक्षणासाठी बाई मागे बसल्या होत्या. माझा धीर सुटला आणि मी त्या मुलाला सर्वांदेखत उभे करून नको ते बोलले. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आलाच नाही. चौकशी केली तेव्हा कळले की, घरच्या शेरडांमागे तो रानात जातो.

त्या आठवड्यात मला झोप लागली नाही. बी.एड. सोडून द्यावे असे मनात येऊ लागले. आपल्याला शिकवता येत नाही, ही जाणीव फार बोचरी असते. आमच्या बाईंना ते दिसले असावे. त्या काही बोलल्या नाहीत. ग्रंथालयातून ताराबाई मोडकांवरचे एक पुस्तक काढून त्यांनी माझ्या हाती दिले. त्या वाचनातून जी ताराबाई मला भेटली, तिची ओळख आमच्या वाचकांना करून द्यावी म्हणून हा लेखनप्रपंच.

ताराबाईंचा जन्म 1892 साली मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. घर प्रार्थना समाजाच्या वळणाचे, त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. 1914 साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच असत. अमरावतीच्या मोडक वकिलांशी त्यांचा विवाह झाला, पण हा संसार टिकला नाही. पदरी लहान मुलगी, प्रभा. आज एकट्या बाईने मूल वाढवायचे म्हटले तरी लोक चार प्रश्न विचारतात. शंभर वर्षांपूर्वी काय झाले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

पुढे राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयात त्या प्राचार्या झाल्या. मानाची, चांगल्या पगाराची नोकरी. याच सुमारास भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका बालमंदिर चालवीत होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते डॉ. माँटेसरींच्या विचारांकडे वळले आणि 1920 साली त्यांनी बालमंदिर सुरू केले. तिथे छडी नव्हती, पाठांतराचा घोष नव्हता. गोष्टी, गाणी, नाटक आणि हाताने करायची कामे यांतून मुले शिकत. ताराबाईंनी हे काम पाहिले आणि 1923 साली प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गेल्या.

इथे मला एक गोष्ट फार मोलाची वाटली. मराठी मुलखातील ही बाई गुजराती मुलांमध्ये, गुजराती भाषेत काम करू लागली. भाषा परकी आहे म्हणून वर्ग परका राहिला नाही. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, त्याच्या कामात ताराबाई अग्रभागी होत्या. संघाची ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीतून निघे. 1933 साली तिची मराठी आवृत्ती निघाली, ती ताराबाईंनी संपादिली. सीमेवर राहणाऱ्या आपणा लोकांना दोन भाषांत वावरणे नवीन नाही. त्याचे भांडण करायचे की भांडवल, हे शेवटी आपल्याच हाती असते.

1936 साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला. बालशिक्षिका तयार करण्याचे कामही तिथे चाले. संस्था नावारूपाला आली. पण तिथे येणारी मुले सुस्थितीतील घरांची होती. खेड्यातल्या, गरिबाच्या मुलाला यातले काय मिळणार, हा प्रश्न शिल्लक होताच. माँटेसरींची साधने सुबक, मापात बनविलेली आणि महाग. खेड्यातील बालवाडीला ती परवडणार कशी?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला ताराबाई 1945 साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी आल्या. (हा भाग 2014 पासून पालघर जिल्ह्यात मोडतो.) वय त्रेपन्न. ज्या वयात माणसे निवृत्तीचे हिशेब करू लागतात, त्या वयात त्यांनी दादरसारखी बसलेली घडी सोडून नवा डाव मांडला. सोबतीला अनुताई वाघ आल्या. अनुताई बालविधवा. शिकून शिक्षिका झालेल्या, ताराबाईंहून अठरा वर्षांनी लहान. ग्राम बालशिक्षा केंद्र या नावाने काम सुरू झाले.

सुरुवातीला अनुभव आला तो निराशेचाच. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी ती उघडली ती दलित वस्तीतील आणि आदिवासी पाड्यांवरील मुले येईनात. मोठी मुले धाकट्या भावंडांना सांभाळत, कुणी गुरे राखी, आईबाप पहाटेच मजुरीला जात. अंगावर धड कपडा नाही, मग चारचौघांत जाऊन बसायचा संकोच. मी त्या जागी असते तर पालकांना दोष दिला असता. ताराबाईंनी दोष शाळेच्या रचनेत शोधला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असा साधा निर्णय त्यांनी घेतला.

शिक्षिका सामानाची पेटी घेऊन वस्तीत जाऊ लागल्या. कुणाच्या तरी घरापुढचे अंगण झाडून घ्यायचे. मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. आया दारात उभ्या राहून पाहत आणि पाहता पाहता त्याही काही शिकत. साधने तिथलीच. शंख-शिंपले, बिया, चिंचोके, पाने, खडे, माती. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला पाने-फुले. माँटेसरींचे तत्त्व कायम ठेवून त्यांनी साधने मात्र त्या मातीतून उचलली. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी.

1957 साली हे काम कोसबादच्या टेकडीवर हलले. भोवती वारली पाडे. वारली मुलांची बोली पुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी. इथे ‘विकासवाडी’ उभी राहिली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. धाकटे भावंड पाळण्यात ठेवले की थोरलीला वर्गात बसायला मोकळीक. शाळा का चुकते याचे नेमके कारण शोधले की उपाय किती सोपा होतो! आणि जी मुले गुरांमागे रानात जात त्यांच्यासाठी निघाली ‘कुरणशाळा’. गुरे कुरणात चरत आहेत, मुले झाडाखाली बसून शिकत आहेत आणि शिक्षक त्यांच्यात आहे. हे प्रकरण मी वाचले तेव्हा माझे डोळे भरून आले. मागच्या बाकावरचा तो मुलगा आठवला. त्याला शेरडे होती. मला मात्र कुरण दिसले नव्हते.

1962 साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. 1973 साली त्या गेल्या. पुढे दोनच वर्षांनी, 1975 साली, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. कोसबादचे काम अनुताईंनी 1992 साली स्वतःच्या अखेरीपर्यंत पुढे नेले.

इतका भार ताराबाईंनी कसा पेलला, याचा मी पुष्कळ विचार केला. मला दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे त्यांनी काम एकटीने केले नाही. आधी गिजुभाई, मग अनुताई, शिवाय शिकविलेल्या शिक्षिकांचा मेळा. सल आणि शंका बोलून दाखवायला माणूस हवे. मी माझे अपयश आठवडाभर मनात कोंडून ठेवले, म्हणून ते डोंगराएवढे झाले. दुसरी गोष्ट अशी की, मूल आले नाही, रमले नाही, तर तो त्यांनी आपला अपमान मानला नाही. त्यात त्यांनी माहिती शोधली. अपमान वाटला की राग येतो, आणि रागावलेल्या शिक्षकाला काहीच दिसत नाही.

पुस्तक परत करायच्या आदल्या संध्याकाळी मी त्या मुलाच्या घरी गेले. मैत्रीण सोबत होती, तिला कन्नड चांगले येते. त्याच्या आईने अंगणात पोते अंथरले. मी त्या मुलाची माफी मागितली. तो शेरडाच्या कानाशी खेळत राहिला, काही बोलला नाही. नंतरच्या सोमवारी आला, मंगळवारी पुन्हा नव्हता. त्या सोमवारी मी गणिताच्या तासाला तक्ता गुंडाळून ठेवला आणि शेरडांचीच गणिते घातली. अर्धी मराठीत, अर्धी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये. माझे कन्नड ऐकून सारा वर्ग हसला, तोही हसला. चुकलेला शब्द त्यानेच मला दुरुस्त करून दिला.

माझे सरावपाठ संपले. त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगण्याइतकी मी तिथे राहिले नाही, ही रुखरुख आहेच. पण बी.एड. मी सोडले नाही. या अंकाचा मराठी विभाग वाचणारे आणि कन्नड विभाग वाचणारे, आपण पुष्कळदा वेगवेगळ्या पानांवर राहतो. तरी अंगणवाडी हा शब्द दोन्हीकडे तोच आहे. बोर्डीच्या कुणा अनाम घरापुढच्या झाडलेल्या अंगणातून तो आपल्या दोघांच्याही गल्लीत आला आहे.