नळीवरचा पोपट आणि सिंहगडाचा कडा



आजचं चिंतन ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातलं. माणसाने स्वतःच स्वतःला वर काढावं, खचू देऊ नये. आपणच आपले मित्र आणि आपणच आपले वैरी, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. तिथे माउली पोपटाचा दृष्टांत देतात. पोपट नळीवर बसतो, त्याच्या वजनाने नळी फिरते, तो उलटा होतो आणि घाबरून नळी आणखी घट्ट धरतो. पाय मोकळेच असतात, पण आपण बांधले गेलोय असं त्याला वाटत राहतं.

ऐकायला सोपं आहे. पण जो खरोखरच अंथरुणाला खिळलाय, त्याला हे कसं सांगायचं?

आम्हा काही जणांचं लोणंदला रविवारी सकाळी एकत्र वाचन असतं. आमच्यातला एक मित्र दरवर्षी चांदोबाच्या लिंबाजवळच्या उभ्या रिंगणाला हजर असायचा. यंदा माउलींची पालखी लोणंदचा मुक्काम आटोपून तरडगावकडे निघाली, तेव्हा तो घरात पडून होता. बाईकचा अपघात, पायात रॉड. पुन्हा नीट चालता येईल का, यावर डॉक्टरही जपूनच बोलत होते. आम्ही वाचन त्याच्या घरी हलवलं. त्याची एकच अट होती: तुम्ही या, पण सध्या पोथी नको, उपदेश तर नकोच.

मग आमच्यातल्या निवृत्त गुरुजींनी एक जुनी जाडजूड कादंबरी आणली. नाथमाधवांची ‘वीरधवल’. पोथीच्या वेळेत राजे-राजकन्यांच्या गोष्टी कशाला, असं एक काका कुरकुरले. पण गुरुजींनी लहानपणी ती वाचली होती आणि आम्हा तिशीतल्या कोणीच वाचली नव्हती. आमचं अद्भुत म्हणजे हॅरी पॉटर! १९१३ सालची ती लांबलचक वाक्यं पहिल्या रविवारी जड गेली. दुसऱ्या रविवारी आम्ही पाळीपाळीने मोठ्याने वाचू लागलो. तिसऱ्या रविवारी कुरकुरणारे काकाच सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते.

हे लिहिणारा माणूस कोण, हे तेव्हा शोधलं.

नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधवराव पितळे. जन्म १८८२ चा, मुंबईचा. शिकारीची आवड असलेला धडधाकट तरुण. ऐन विशीत ते शिकारीसाठी सिंहगडावर गेले आणि कड्यावरून कोसळले. आपण वीकेंडला ट्रेक करून पिठलं-भाकरी खातो, तोच सिंहगड. जीव वाचला, पण कमरेखालचं शरीर कायमचं निकामी झालं. त्या काळात ना फिजिओथेरपीची आजच्यासारखी सोय, ना घरबसल्या लॉगिन करून करता येईल अशी नोकरी. विचार करा, कालपर्यंत रानावनात हिंडणाऱ्या माणसाच्या वाट्याला आता एक खाट आणि समोरची भिंत.

दवाखान्यात पडल्या पडल्या त्यांनी वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता लिहू लागले. आणि मग थांबलेच नाहीत. ‘सावळ्या तांडेल’ आली, ‘वीरधवल’ आली. ‘डॉक्टर’ आणि ‘रायक्लब’सारख्या सामाजिक कादंबऱ्या आल्या. पुढे ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’, ‘स्वराज्याची स्थापना’ अशी शिवकाळावरची मोठी मालिका त्यांनी लिहिली. जरा थांबून बघा: गडाच्या ज्या कड्याने पाय नेले, त्याच गडांच्या काळात हा माणूस रोज लेखणी घेऊन जात होता. १९२८ मध्ये ते गेले, तेव्हा वय होतं अवघं सेहेचाळीस.

हे सगळं मी मित्राला सांगितलं. मला वाटलं, त्याला उभारी येईल. त्याने शांतपणे एकच विचारलं: ते नंतर कधी चालले का?

नाही. कधीच नाही.

खोलीत कोणी बोललं नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, पुढचं प्रकरण वाचा. आणि मग हात पुढे करून पुस्तक त्याने स्वतःकडे घेतलं. अपघातानंतर पहिल्यांदाच त्या दिवशी त्याने मोठ्याने वाचलं, चांगली वीस मिनिटं. त्याची आई स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली होती.

तेव्हा मला माउलींचा तो पोपट वेगळा दिसला. पाय नाहीतच असं समजा, असं माउली सांगत नाहीत. शरीरालाच मी मानून बसणं, ही त्यांच्या दृष्टांतातली नळी. नाथमाधवांचं दुखणं खरं होतं, ते शेवटपर्यंत गेलं नाही. पण मी म्हणजे हे गेलेले पाय, एवढ्यावर त्यांनी आयुष्य संपवलं नाही. पकड सुटली ती अशी, रोजच्या कामातून, पानामागून पान लिहीत.

आणखी एक. स्वतःला स्वतःच वर काढायचं हे खरं, पण त्यासाठी कुणीतरी हातात पुस्तक द्यावं लागतं, शेजारी बसावं लागतं. घाबरलेल्या पोपटाला नळी सोड म्हणून ओरडलं, तर तो अजून घट्ट धरतो. गोष्ट ऐकता ऐकता मात्र मूठ नकळत सैल होते. आपल्या संतांनी कीर्तनात कथा उगाच नाही ठेवली.

मित्र अजून वॉकरवर आहे. पुढच्या आषाढात रिंगणाला पोचेल की नाही, माहीत नाही. ‘वीरधवल’ संपत आलीय.

आजची साधना छोटीशी. तुमच्या ओळखीत कोणी अंथरुणावर असेल, तर आज त्यांना गुड मॉर्निंगचा सुविचार फॉरवर्ड करू नका. एक चांगली गोष्ट निवडा, फोन लावा आणि दहा मिनिटं वाचून दाखवा. उद्या याच अध्यायात पुढे जाऊ.

राम कृष्ण हरी!