स्वामी रामानंद तीर्थ : लढ्यातून परतलेल्या पोरांसाठी कॉलेज

17 सप्टेंबर 1948 ला निजामाच्या फौजेनं शस्त्रं खाली ठेवली. त्याआधीचं वर्ष मराठवाड्यानं कसं काढलं, ते जुन्या माणसांना विचारावं. रझाकारांचा जाच, ओस पडलेली गावं, सरहद्दीवरचे कॅम्प. या कॅम्पांत शाळा-कॉलेज सोडून आलेली कितीतरी पोरं होती. पोलीस कारवाईनंतर अनेक गावांत मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला, हेही सांगायलाच हवं. लढा संपला, आता या पोरांनी शिकायचं कुठं?

लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगातून सुटले ते याच वेळी. मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर, जन्म 1903 चा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. 1932 मध्ये संन्यास घेतला. पण भगवी कफनी घालून ते मठात बसले नाहीत. आधी हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, मग अंबाजोगाईचं योगेश्वरी विद्यालय. स्टेट काँग्रेसचे पुढारी होण्याआधी हा माणूस पक्का मास्तर होता.

निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिकवायचं. घरात मराठी, कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या पोराला आधी भाषा शिकावी लागे, मग विषय. 1938 च्या वंदे मातरम् चळवळीत तर विद्यापीठानं मुलांना काढूनच टाकलं. त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठानं आसरा दिला. राज्य बदललं म्हणून एवढी वर्षं साचलेली ही उणीव आपोआप भरून निघणार नव्हती.

1950 मध्ये स्वामीजींच्या पुढाकारानं नांदेड एज्युकेशन सोसायटी आणि पीपल्स कॉलेज उभं राहिलं. त्याच वर्षी औरंगाबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं कॉलेज सुरू झालं, पुढं ते मिलिंद म्हणून नावाजलं. मराठवाड्याच्या शिक्षणात 1950 हे साल म्हणूनच मोठं. पुढं पीपल्स कॉलेजला नरहर कुरुंदकरांसारखा प्राचार्य लाभला.

स्वामीजी 1952 मध्ये गुलबर्ग्यातून आणि 1957 मध्ये औरंगाबादेतून लोकसभेवर गेले. हैदराबाद संस्थानाची भाषावार वाटणी व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. 1956 मध्ये ती झाली. त्यात जन्मगाव म्हैसूर राज्यात, कॉलेज मुंबई राज्यात आणि हैदराबाद शहर आंध्र प्रदेशात, अशी त्यांच्या स्वतःच्या आयुष्याचीच वाटणी झाली. 22 जानेवारी 1972 ला ते गेले. नांदेडच्या विद्यापीठाला आज त्यांचंच नाव आहे.