तीन मिनिटांतला राग : दत्तात्रय विष्णु पलुस्कर

गोदाकाठच्या नाशिकने हिंदुस्थानी संगीताला दिलेल्या स्वरांत दत्तात्रय विष्णु पलुस्कर यांचा स्वर अत्यंत निर्मळ होता. त्यांचा जन्म २८ मे १९२१ रोजी नाशिक येथे झाला. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांची अनेक अपत्ये अल्पवयातच दगावली होती. त्यांच्यामागे उरलेला हा एकुलता एक पुत्र. लाहोरला १९०१ मध्ये गांधर्व महाविद्यालय स्थापन करणाऱ्या विष्णु दिगंबरांनी आयुष्याच्या उत्तरार्धात नाशिकमध्ये रामनामाचा आश्रय घेतला होता. गाणे आणि भक्ती यांचा संस्कार बापूरावांवर झाला तो याच वातावरणात.

१९३१ मध्ये पितृछत्र हरपले, तेव्हा बापूराव अवघे दहा वर्षांचे होते. मोठ्या नावाचा वारसा होता. तो पेलण्याची विद्या मात्र अजून मिळवायची होती. वडिलांचे शिष्य पं. विनायकराव पटवर्धन आणि पं. नारायणराव व्यास यांनी ती दिली. वयाच्या चौदाव्या वर्षी, १९३५ मध्ये, जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात ते प्रथम गायले आणि पुढील वीस वर्षांत देशभर त्यांचे नाव झाले.

त्यांच्या गायकीचे मर्म ध्वनिमुद्रिकांतून उमगते. त्या काळातील तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत. विस्ताराला वाव नसलेल्या एवढ्या अवधीत रागाचे रूप उभे करणे ही कसोटीच होती. श्री असो, गौडसारंग असो वा तिलककामोद. बापूराव पहिल्या काही स्वरांतच रागाचा चेहरा स्पष्ट करीत. स्थायी-अंतऱ्याची नेटकी मांडणी, शब्दांचा स्वच्छ उच्चार, सुरेल आलाप आणि अखेरीस दाणेदार तान, अशी ग्वाल्हेर घराण्याची शिस्त तेथे दिसते. या शिस्तीने गाणे कोरडे झाले नाही, कारण आवाजात उपजत माधुर्य होते. तुलसीदास, मीरा यांची पदे गातानाही त्यांनी संयम सोडला नाही. भक्तिभावाला स्वरांची प्रतिष्ठा दिली. वडिलांचे स्वप्नही याहून वेगळे नव्हते.

१९५२ च्या 'बैजू बावरा' चित्रपटात नौशाद यांनी बैजूसाठी बापूरावांचा आणि तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँ यांचा आवाज योजला. देसी रागातील त्या जुगलबंदीमुळे शास्त्रीय संगीतापासून दूर असलेल्या श्रोत्यांपर्यंतही त्यांचे गाणे पोहोचले.

१९५५ मध्ये भारतीय सांस्कृतिक शिष्टमंडळासोबत ते चीनला जाऊन आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेंदूज्वराने त्यांचे निधन झाले. वय होते केवळ चौतीस. गायकाची प्रज्ञा जेव्हा परिपक्व होऊ लागते, नेमक्या त्याच वयात हा स्वर थांबला. मागे राहिली ती थोडी ध्वनिमुद्रणे. तीन मिनिटांच्या त्या तबकड्या आजही अभ्यासकांना बंदिशीचे सौष्ठव शिकवितात आणि सामान्य रसिकाला रागाची पहिली ओळख करून देतात.